विड्या त्याच, निकाल दोन

धंदा वाढला की माणसे लागतात. कुणी मालकाचा कामगार असतो, कुणी कंत्राट घेतो. दोघांत फरक काय? आम्ही दोन खरे खटले सांगतो.

मध्य प्रदेशात सागर येथे विड्यांचा कारखाना होता. मालक सट्टेदारांना तंबाखू देई. सट्टेदार म्हणजे ठरल्या दराने विड्या पुरवणारा. त्याने त्या कुठे वळाव्या, कुणाकडून वळवून घ्याव्या, ही त्याची मर्जी. १९५८ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले, हा स्वतंत्र कंत्राटदार आहे.

दुसरा खटला नागपूरचा. तिथे माणसे कारखान्यातच बसून विड्या वळत. मजुरी विड्यांच्या मोजणीवर. यायची-जायची वेळ बांधलेली नव्हती. तिघांनी पंधरा दिवस रजा घेतली. तिचा पगार मिळाला नाही. हे आपले कामगारच नव्हेत, असे मालकाचे म्हणणे.

१९६० साली निकाल लागला. काम मालकाच्या कारखान्यात, ते स्वतःच करायचे, खराब विडी मालक बाद करणार. म्हणून ते कामगारच ठरले. रजेच्या पगाराचा हक्क शाबूत राहिला.

तेव्हा मालकांनो, कागदावर 'कंत्राटदार' लिहून भागत नाही. प्रत्यक्ष काम कसे चालते, हे कोर्ट बघते. आणि कामगारांनो, मजुरी नगावर मिळते म्हणून आपला हक्क गेला, असे समजू नका.

सांगा पाहू : तुमच्या गावचा शिंपी दुकानदाराचे कपडे आपल्या घरी, आपल्या माणसांकडून शिवून घेतो. तो कोण?