गाडी वैरागच्या दारात, पैसे परदेशातून
(नवागतांसाठी मार्गदर्शन)

परदेशात वर्ष-दोन वर्षं निघतात, शिक्षणाच्या कर्जाचं ओझं जरा हलकं होतं, आणि गावाकडे आई-अण्णांना गाडी घेऊन द्यावी असं वाटू लागतं. वैराग-बार्शी भागातून बाहेर पडून इंग्लंड, जर्मनी, अमेरिकेत स्थिरावलेली घरं नव्याने आलेल्यांना याबाबत काय सांगतात, ते इथे एकत्र केलं आहे. बजेट धरलंय कर, विमा सगळं मिळून सात लाखांचं. सगळ्यांचं म्हणणं एकच: गाडी जे वापरणार त्यांनीच ती निवडावी. तुम्ही आकडे आणि कागदपत्रं सांभाळा.

आधी घरच्यांचा प्रवास समजून घ्या

फोनवर "कोणती गाडी आवडते?" असं विचारलंत तर "तुला बरी वाटेल ती घे" हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा, महिन्यातून कुठे कुठे जाणं होतं? वैरागहून बार्शी साधारण पंचवीस किलोमीटर, सोलापूर पंचेचाळीस. दवाखाना, बँक, लग्नकार्य, तुळजापूर, अधूनमधून शेतावर चक्कर. चालवणार कोण? अण्णा, धाकटा भाऊ, की गरजेपुरता बोलावलेला ड्रायव्हर? मागे कोण बसणार, त्यांचे गुडघे कसे आहेत? शेताकडचा पाणंद रस्ता पावसाळ्यात कसा असतो? एवढी उत्तरं मिळाली की निम्मी निवड झालीच.

तीन गाड्या, तीन स्वभाव

या बजेटात बहुतेक घरं फिरून फिरून तीन नावांवर येतात: मारुतीची वॅगन-आर, मारुतीचीच सेलेरिओ आणि टाटाची टियागो. कागदावर तिघी बहिणी वाटतात, बसल्यावर फरक कळतो.

वॅगन-आर १६७५ मिलिमीटर उंच आहे. सीटही उंचावर, त्यामुळे आत शिरताना वाकावं लागत नाही. नऊवारी नेसणारी आजी किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई या गाडीत सहज बसते-उतरते. डिकी ३४१ लिटरची, म्हणजे बाजाराच्या पिशव्यांसोबत धान्याचं एखादं पोतंही मावतं.

टियागोची उंची १५३५ मिलिमीटर, डिकी २४२ लिटर. बसताना थोडं खाली जावं लागतं. पण हायवेवर गाडी रस्ता धरून चालते, आणि दार लावताना जाणवणारा भक्कमपणा अनेकांना आवडतो. इंजिन ११९९ सीसीचं, त्यामुळे चार माणसं आणि एसी असतानाही दम लागत नाही.

सेलेरिओ या दोघींच्या मधली. ९९८ सीसीचं इंजिन, डिकी ३१३ लिटर, आणि पेट्रोल सर्वांत कमी पिणारी म्हणून नाव. घरी दोघंच असतील आणि फेऱ्या बार्शीपुरत्याच असतील, तर हिचा विचार जरूर करा.

सुरक्षेबद्दल स्पष्ट बोला

ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत २०२० साली टियागोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ४ तारे मिळाले, २०२३ साली वॅगन-आरला १. मात्र २०२२ च्या मध्यापासून चाचणीचे नियम कडक झाले, त्यामुळे या दोन आकड्यांची थेट तुलना करणं बरोबर नाही. २०२५ मध्ये मारुतीने वॅगन-आर आणि सेलेरिओत सहा एअरबॅग सरसकट दिल्या. तरी एअरबॅग वाढल्या म्हणून गाडीचा सांगाडा बदलत नाही, हे लक्षात असू द्या.

म्हणून स्थिरावलेल्या घरांचा ठोकताळा असा: गाडी मुख्यतः वैराग-बार्शी चालणार आणि म्हातारी माणसं बसणार असतील, तर वॅगन-आर. भाऊ तीच गाडी घेऊन वरचेवर पुण्याला जाणार असेल, तर टियागो. कोणतीही घ्या, मागच्या सीटवरही पट्टा लावायची सवय घरात लावा. ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री रिफ्लेक्टरशिवाय रस्त्यावर असतात. त्या महिन्यांत अंधार पडायच्या आत घरी यायचं, हा नियम कोणत्याही ताऱ्यापेक्षा कामाचा.

शोरूमची किंमत आणि खरी किंमत

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकर यावरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे त्याआधीचे व्हिडिओ पाहून आकडेमोड करू नका, ताजं कोटेशन मागवा.

महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला एकरकमी रोड टॅक्स ११ टक्के. शोरूम किंमत ५,९०,००० असेल तर कर ६४,९००. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा. त्याचा मूळ हप्ता १००० सीसीपर्यंत ६,५२१ आणि १५०० सीसीपर्यंत १०,६४० रुपये. त्यात गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा धरला की तीसेक हजार होतात. नोंदणी, नंबर प्लेट, फास्टॅग असं किरकोळ धरून सात लाख भरतात. थोडक्यात, शोरूम किंमत ५,९०,००० च्या पुढे गेली की बजेट मोडलंच म्हणा.

कोटेशनमध्ये "हँडलिंग चार्जेस" किंवा "अ‍ॅक्सेसरीज किट" दिसलं तर काढायला सांगा. विमा शोरूमकडूनच घेतला पाहिजे असं कुठेही नाही.

सीएनजी की पेट्रोल, गिअर की ऑटोमॅटिक

सीएनजी मॉडेल नव्वदेक हजारांनी महाग. कर ११ ऐवजी ८ टक्के असल्याने त्यातलं थोडं परत येतं. किलोमीटरमागे अंदाजे सव्वादोन रुपये वाचतात असं धरलं, तर महिना ५०० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला फरक भरून काढायला सहा वर्षं लागतील. शिवाय दर तीन वर्षांनी टाकीची तपासणी, आणि पंपावरची रांग. भाऊ रोज सोलापूरला ये-जा करत असेल तरच सीएनजी परवडते. तसं असेल तर टियागोची दोन छोट्या टाक्यांची रचना पाहा, तिच्यात सामानाला जागा उरते. वॅगन-आरच्या सीएनजीत डिकी जवळपास टाकीनेच भरते.

ऑटोमॅटिकला साधारण पन्नास हजार जास्त पडतात. आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलेल्या अण्णांना गिअरचं काही वाटणार नाही. आईला किंवा वहिनीला शिकायचं असेल तर मात्र हे पैसे सत्कारणी लागतात.

गाडी कुणाच्या नावावर?

जवळजवळ सगळ्यांचं मत: वडिलांच्या किंवा आईच्या. तुमच्या नावावर असेल तर पुढे विकताना फॉर्म २९ आणि ३० वर तुमची सही, ओटीपीसाठी चालू भारतीय मोबाइल नंबर, क्लेमच्या वेळी तुमची कागदपत्रं, अशी सगळी तारांबळ परदेशातून करावी लागते. आरसीवर नॉमिनी म्हणून नाव लावायची सोय २०२१ पासून आहे, तेही लगेच करून घ्या.

मुलाने किंवा मुलीने आई-वडिलांना भेट दिलेल्या पैशांवर त्यांना आयकर लागत नाही. पैसे बँकेतूनच पाठवा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला डीलरला कायद्यानेच मनाई आहे.

अण्णांचं लायसन्स काढून नीट बघा. मोटरसायकलच्या लायसन्सवर कार चालवता येत नाही. चाळिशीनंतर लायसन्स काढताना डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो, आणि पंचावन्ननंतर ते पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं. लायसन्स नसलेल्या माणसाने गाडी चालवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते.

जुनी घ्यायची असेल तर

चार-पाच लाखांत चार वर्षांची चांगली गाडी मिळू शकते. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून विमा, दंडाची थकबाकी आणि कर्जाचा बोजा तपासा. बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. एप्रिल २०२३ पूर्वीची गाडी असेल तर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल तिला चालतं का, हे कंपनीच्या पुस्तिकेत बघा. आणि ज्या गॅरेजवाल्याकडे घरची मोटरसायकल जाते, त्यालाच सोबत न्या. पुढे गाडी त्याच्याच हाताखाली राहणार आहे.

बुकिंगच्या आधी आणि नंतर

आई-अण्णांना शोरूममध्ये पाठवा. आईला मागे आणि पुढे, दोन्हीकडे बसून उतरायला सांगा. तुम्ही व्हिडिओ कॉलवर असा, पण बोलू नका. सर्व्हिस सेंटर बार्शीत आहे की सोलापुरात, तेही तिथेच विचारा. पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी हवी असेल तर बुकिंग महिनाभर आधी करा. मुहूर्ताच्या गर्दीत घाईघाईने गाडी हातात देतात. म्हणून नोंदणीच्या आधीच, उजेडात, रंग, टायर, स्टेपनी आणि उत्पादनाचा महिना तपासून घ्यावा. डिसेंबरात सवलत जास्त मिळते, पण जानेवारीत तीच गाडी विकताना एक वर्ष जुनी धरली जाते. दहा वर्षं वापरायची असेल तर सवलत घ्या.

गाडी आली की विमा संपण्याची तारीख, पहिल्या सर्व्हिसची तारीख आणि अण्णांच्या लायसन्सची मुदत तुमच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. ही आठवण तिकडून तुम्हीच ठेवायची.