लहान मुलांची पाठदुखी : पालकांनी काय ओळखावे?

“पोराला कसली आली पाठदुखी? दिवसभर उड्या मारतं, म्हणून दुखत असेल!” असे उद्गार आपल्या घराघरांतून ऐकू येतात. पाठदुखी हा म्हाताऱ्यांचा, हमालांचा किंवा रानात राबणाऱ्यांचा आजार, असा समज रूढ आहे. मोठ्यांच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खरा आहे, आणि त्यांची बहुतेक पाठदुखी काही आठवड्यांत आपोआप थांबतेही. परंतु हाच हिशेब चार-पाच वर्षांच्या मुलाला लावता येत नाही. या वयात कणा लवचिक असतो, मणक्यांमधील चकत्या झिजलेल्या नसतात, अंगावर ओझेही नसते. म्हणूनच एवढ्या लहान मुलाची पाठ सतत दुखत असेल, तर त्यामागे शोधण्याजोगे कारण असण्याची शक्यता मोठ्या माणसापेक्षा अधिक असते.

दप्तराविषयी पुष्कळ बोलले जाते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे असा निर्णय काढला. म्हणजे वीस किलोच्या मुलाला दोन किलो. केंद्राच्या २०२० च्या धोरणातही हेच प्रमाण आहे. हे पाळावे, यात शंका नाही. जड दप्तराने खांदे, मान व पाठ भरून येते. पण सुट्टीच्या दिवशी ती दुखणे कमी होते. रविवारीही तेवढेच दुखत असेल, तर दप्तराला दोष देऊन गप्प बसू नये.

आपल्या देशात अशा वेळी पहिली शंका घ्यावी ती मणक्याच्या क्षयाची. पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यवैद्याने १७७९ साली कुबड आणि पायांतील बळ जाणे यांचा संबंध लिहून ठेवला. क्षयाचा जंतू त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी, १८८२ मध्ये, रॉबर्ट कॉख यांनी दाखवला. हाडांच्या क्षयापैकी सुमारे निम्मा क्षय एकट्या कण्यात होतो. जंतू श्वासावाटे फुप्फुसात येतो आणि रक्तावाटे मणक्यात पोहोचतो. साधारणतः शेजारचे दोन मणके आणि मधली चकती पोखरली जाते. पुढचा भाग खचतो, मागे टेंगूळ येते आणि हळूहळू कुबड दिसू लागते. मज्जारज्जूवर दाब आला की पाय लुळे पडतात.

हा आजार मुकाट्याने येतो. लहान मूल “पाठ दुखते” असे सांगतही नाही. ते खेळातून बाजूला बसते, चिडचिडे होते, जेवत नाही, वजन वाढत नाही. रात्री झोपेत एकदम किंचाळून उठते, कारण जागेपणी पाठीला आवळून धरणारे स्नायू झोपेत सैल पडतात. घरचे म्हणतात, भ्याले असेल. दृष्ट काढली जाते! जांघेत किंवा कुशीत गाठ येते. ती लाल नसते, गरम नसते, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. ते मणक्यातून उतरलेले पू असू शकते.

घरच्या घरी एक गोष्ट करता येते. जमिनीवर नाणे टाकून मुलाला उचलायला सांगावे. निरोगी मूल कमरेत सहज वाकते. कणा दुखरा असेल तर ते पाठ ताठ ठेवून, मांडीवर हात टेकवून, गुडघ्यांत बसत नाणे उचलते.

अशा पाठीवर काय उपाय होतात ते सर्वांना ठाऊक आहे. उसण भरली म्हणून पायाळू माणसाकडून लाथ मारून घेतात, तेल लावून रगडतात, कोणी डागही देतात. पोखरलेल्या मणक्यावर लाथ बसली तर ते मूल कायमचे पांगळे होऊ शकते. या बाबतीत भीड बाळगण्याचे कारण नाही. वडीलधाऱ्यांनी सांगितले तरी स्पष्ट नकार द्यावा.

क्षयाशिवाय इतर कारणेही आहेत. चकतीला जंतुसंसर्ग झालेले तान्हे-रांगते मूल बसायला, चालायला नाकारते. मूत्रपिंडाच्या संसर्गात ताप व कुशीत दुखणे असते. फिकेपणा, ताप आणि अंगावर निळे डाग यांसह हाडे दुखत असतील तर रक्ताच्या कर्करोगाचा विचार करावा लागतो. दहा वर्षांपुढील क्रिकेट खेळणाऱ्या, विशेषतः वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांत मणक्याला बारीक चीर पडते.

पाय अडखळणे, पूर्वी ताबा असूनही लघवी-शौच नकळत होणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. एरवी पाच वर्षांखालील मुलाची पाठ दुखत असेल तर आठवडाभरही वाट पाहू नये. सुरुवातीचा साधा एक्स-रे निर्दोष दिसू शकतो, कारण हाडाचा बराच भाग गेल्यावरच त्यात बदल उमटतो. दुखणे चालूच असेल तर एमआरआयविषयी डॉक्टरांना विचारावे.

क्षयाची औषधे शासकीय केंद्रात मोफत मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी दरमहा एक हजार रुपयेही आहेत. मणक्याच्या क्षयाला औषध बहुधा वर्षभर लागते. दोन महिन्यांत मूल खेळू लागले म्हणून ते बंद करू नये. बरे झाल्यावरही वाढीच्या वयात कुबड वाढू शकते, तेव्हा मुलाची उंची वाढत असेपर्यंत तपासणी चालू ठेवावी.

आणि एक. मुलाला हा जंतू बहुधा घरातल्या खोकणाऱ्या मोठ्या माणसाकडूनच मिळतो. सोयरीक मोडेल, लोक काय म्हणतील, या धास्तीने ते माणूस आजार लपवत असते. एका खोलीत सहा-सात जण झोपणाऱ्या घरात त्याची किंमत सर्वांत धाकटे मूल मोजते. मुलाचा क्षय सापडला की त्याच आठवड्यात घरातील प्रत्येकाची तपासणी करून घ्यावी.