ओढ्याचें पात्र खणण्यापूर्वीं

ओढ्याला पूर आला कीं कांठचें शेत वाहून जातें, आणि उन्हाळ्यांत त्याच ओढ्यांत घागर बुडेल एवढेंही पाणी राहत नाहीं. या दोन्ही दुःखांवर गांवकऱ्यांस बहुधा एकच उपाय सुचतो: पात्र रुंद करावें, खोल करावें, वळणें सरळ करावीं. यंत्र मिळालें म्हणजे काम आठवड्यांत उरकतें. परंतु ज्या जमिनींतून पाणी धांवावयाचें ती कशाची आहे हें आधीं पाहिलें नसेल, तर दोन पावसाळ्यांत दरडी ढासळून नवें पात्र गाळानें भरून जातें.

या पाहणीचें पहिलें काम पायांचें आहे. ओढ्याच्या दोन्ही कांठांनीं चालत जावें. पुरानें तासलेली दरड म्हणजे फुकटांत खणून मिळालेला खड्डाच होय. दख्खनच्या पठारावर तींत पुष्कळदां वर काळी माती, तिच्याखालीं चुनखडीचे खडे असलेली पिवळट माती, मग मुरूम आणि शेवटीं कातळ असा क्रम दिसतो. हा कातळ सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा आहे. त्याच्या दोन थरांमध्यें कोठें कोठें तांबड्या मातीचा पट्टा असतो; तो उघडा पडून भिजला कीं भुसभुशीत होतो. मधेंच वाळू व गोल गोटे दिसले तर तें ओढ्याचें जुनें पात्र समजावें आणि तेथें अधिक थांबावें.

दरड जेथें बोलत नाहीं तेथें खड्डे घ्यावे लागतात, किंवा हातगिरमिटानें भोकें पाडावीं लागतात. तीं दोन्ही कांठांवर व तळांतही हवींत, आणि योजिलेल्या तळाच्याही खालीं गेलीं पाहिजेत. प्रत्येक थराची जाडी, रंग, ओल, पाणी लागलें ती खोली आणि तो महिना वहींत लिहावा. महिना लिहिण्याचा पुष्कळांस कंटाळा येतो. पण वैशाखांतील पाण्याची पातळी आणि भाद्रपदांतील पातळी यांत केवढें अंतर असतें हें विहीर असलेल्या कोणासही विचारावें!

आतां विद्यार्थ्यांस नवल वाटेल अशी एक गोष्ट. कण जितका बारीक तितका तो लवकर वाहून जाईल, असें आपणांस वाटतें. स्वीडनमधील फिलिप यूल्स्ट्रम यांनीं १९३५ सालीं दाखविलें कीं, सर्वांत मंद प्रवाहानें हलते ती वाळू. चिकणमातीचे कण त्याहून कितीतरी सूक्ष्म, तरी एकमेकांस घट्ट धरून बसतात म्हणून त्यांस उखडण्यास अधिक वेग लागतो. यामुळें दरडीच्या पायथ्याशीं वाळूचा हातभर थर असला तरी पाणी तो आधीं पोखरतें, आणि वरची भक्कम दिसणारी माती अधांतरीं राहून कोसळते. वरूनच पाहणाऱ्यास हा धोका कळावयाचा नाहीं.

काळ्या मातीची तऱ्हा निराळीच. ती उन्हांत भेगाळते, पाण्यानें फुगते आणि पूर झपाट्यानें ओसरला कीं आंतल्या पाण्याच्या भारानें घसरते. म्हणून तिच्या कडा एका हात उंचीस दीड-दोन हात पसरट ठेवाव्या लागतात. कठीण कातळाची कड मात्र जवळजवळ उभी राहते. तळाचा उतारही मातीस मानवला पाहिजे. १८५४ सालीं सुरू झालेल्या गंगेच्या कालव्याचा उतार तेथील रेताड जमिनीस फार तीव्र ठरला. तळ खरवडला जाऊन पुढें मोठ्या दुरुस्त्या कराव्या लागल्या.

मातींत काय आहे हें घरींही पाहतां येतें. कांचेच्या उभ्या बरणींत तिसरा हिस्सा माती घालून वर पाणी भरावें, खूप हालवावें आणि बरणी ठेवून द्यावी. मिनिटभरांत बसते ती वाळू, कांहीं तासांत बसते ती पोयटा, आणि दुसऱ्या दिवशींही पाणी गढूळ ठेवते ती चिकणमाती. पट्टीनें थर मोजावे.

धुळें जिल्ह्यांतील शिरपूर तालुक्यांत भूशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनीं २००४ च्या सुमारास नाले रुंद व खोल करण्याचें काम हातीं घेतलें. तेथें तापीच्या गाळाचा जाड थर आहे. वरची चिकण माती पाणी मुरूं देत नव्हती, म्हणून ती भेदून खालच्या वाळूपर्यंत जाण्यास अर्थ होता. तेंच माप सर्वत्र लावणें मला मान्य नाहीं. जेथें मुरुमांतच विहिरींचें पाणी आहे, तेथें नाल्याचा तळ त्या पातळीखालीं गेला कीं तो विहिरींचेंच पाणी ओढून घेतो. शिवाय खोल केलेल्या भागाच्या वरच्या टोकाशीं एक उभी पायरी उरते. कातळ आड न आल्यास प्रत्येक पुरांत ती पायरी वरच्या बाजूस सरकते आणि बाजूच्या ओघळी शेतांत कापीत नेते. याकरितां काम चार शेतांपुरतें असलें तरी पाहणी त्याच्या वर बरीच दूर, कातळाचा आडवा पट्टा लागेपर्यंत करावी, आणि तो पट्टा नकाशांत प्रथम नोंदावा.