रोप स्वस्त, तीन उन्हाळे महाग

सोसायटीत पंचवीस झाडं लावायची म्हटलं की बैठकीत पहिला प्रश्न येतो, "रोपं कितीला पडतील?" सगळ्या हिशेबातला सर्वांत किरकोळ आकडा तोच. वनविभाग आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांमध्ये वनमहोत्सवाच्या सुमारास रोपं सवलतीत मिळतात. खासगी नर्सरीत उंचीप्रमाणे भाव चढतो. उंच रोप घ्यायचंच असेल तर पिशवीचा तळ पाहून घ्या. मुळं आतल्या आत गोल गोल गुंडाळली असतील, तर ते रोप पिशवीतच म्हातारं झालंय. स्वस्तात दिलं तरी नको.

खरा खर्च पाण्याचा. बहावा, ताम्हण, करंज, कांचन ही आपल्या मातीतली झाडं, पण त्यांनाही पहिले तीन उन्हाळे हात द्यावा लागतो. एका रोपाला एका वेळी २० लिटर, आठवड्यातून दोनदा. २५ रोपांना आठवड्याला १,००० लिटर. नोव्हेंबरच्या मध्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंत साधारण ३० आठवडे, म्हणजे वर्षाला ३०,००० लिटर. दहा हजारी टँकर धरला तर वर्षाला तीन, तीन वर्षांत नऊ.

आता माणूस. पंचवीस आळ्यांना पाणी घालायला एकाला दोन तास लागतात. तीन वर्षांचे होतात ३६० तास, आठ तासांचे ४५ दिवस. टँकर हजार रुपये आणि मजुरी सातशे धरून पाहू (तुमच्याकडचे दर वेगळे असतील, ते घाला): ९,००० अधिक ३१,५००, एकूण ४०,५००. दर झाडामागे १,६२०. यात रोप, शेणखत, खड्ड्याची खोदाई काहीच नाही, आणि मेलेल्या रोपांच्या जागी लावायची चार-पाच जादा रोपंही नाहीत.

हा आकडा खाली आणता येतो. आळ्यात पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घाला. सोसायटीत सांडपाणी प्रक्रियेचा प्रकल्प असेल तर ते पाणी वापरा. मजुरीऐवजी घरं वाटून घेतलीत, तर दहा घरांत प्रत्येकी वर्षाला फक्त १२ तास येतात. पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला येणारी माणसं घरून पाण्याचे कॅन वर नेऊन झाडं जगवतात, त्यापुढे हे काहीच नाही. लोखंडी ट्री गार्डवर मात्र पैसे घालू नका. कुंपणाच्या आत गुरं येत नाहीत, बांबू आणि सुतळी पुरते. आमच्या सोसायटीत एकदा देणगीदाराच्या नावाची पाटी लावता यावी म्हणून पिंजरे आणले. पुढे खोडं जाडावली, पिंजरे सालीत रुतले आणि ते कापायला वेगळा माणूस बोलवावा लागला.

पाच जूनच्या पर्यावरण दिनालाच लागवड करायचा हट्टही सोडा. फोटो निघतो, पण पाऊस आलेला नसतो. खड्डे मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या आणि जमीन चांगली भिजल्यावरच लागवड करा.

मियावाकी वनाचा प्रस्ताव घेऊन कंत्राटदार आला, तर दर चौरस फुटावर सांगितला जाईल. त्यात चौरस मीटरला तीन-चार रोपं लागतात, म्हणजे १०० चौरस मीटरला तीन-चारशे. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांचं पाणी आणि खुरपणी दरात धरली आहे का, हे लेखी घ्या. सगळी ग्यानबाची मेख तिथेच असते.

आधीपासून उभ्या असलेल्या झाडाचं गणित निराळं. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे शहरात स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. छाटणीसाठीही आधी उद्यान विभागात अर्ज द्या. हे काम जूनच्या तोंडावर काढलं तर सगळ्यांचीच घाई असते आणि भावही तसाच लागतो. अंदाजपत्रक घेताना फांद्या उचलून नेणं आणि कामगारांचा विमा त्यात आहे ना, ते विचारा. याच कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष मानलं जातं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. साठ वर्षांचं झाड तोडलंत तर साठ. वरच्याच हिशेबाने ९७,२००, आणि तेही पहिल्या तीन वर्षांचेच.

आवारात जागाच नसेल, तर शिकायला आणि राबायला बाहेर जागा आहेत. पुण्यात वारज्याच्या उजाड टेकडीवर २०१५ पासून लोकसहभागातून शहरी वन उभं राहिलं. अशा ठिकाणी एक सकाळ काम केलंत की आळं कसं करायचं ते कुठल्याही वर्गापेक्षा लवकर कळतं. आणि 'आंघोळीची गोळी' या गटाने सुरू केलेल्या खिळेमुक्त झाडांच्या मोहिमेसारखं काम तर जवळजवळ फुकटातलं. पक्कड आणि हातोडी घरचीच न्या, हातमोजे विसरू नका, आणि काढलेले गंजके खिळे डब्यात गोळा करा. फुटपाथवर पडले तर कुणाच्या तरी पायात जातील.