व्हॅनचे प्लग बदलताना

रत्नागिरीच्या रस्त्यांवर जुनी मारुती व्हॅन तुम्ही पाहिली असेल. १९८४ साली आलेली ही गाडी पुढे ‘ओम्नी’ झाली. तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. तिच्या इंजिनात तीन सिलिंडर, म्हणून स्पार्क प्लगही तीन. आंबा घाट चढताना एका प्लगने दगा दिला, तर एक सिलिंडर निकामी होतो आणि त्यातले पेट्रोल न जळताच बाहेर पडते. मेकॅनिक म्हणतो, “गाडी मिसिंग करतेय.”

प्लगचे काम एका बारीक फटीत ठिणगी पाडण्याचे. साध्या हवेत १ मि.मी. फट ओलांडण्यास सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. सिलिंडरमधील मिश्रण दाबलेले असल्याने तेथे त्याहून पुष्कळ अधिक लागतात. बॅटरी तर १२ व्होल्टची! इग्निशन कॉइलच्या पहिल्या वेटोळ्यातील प्रवाह एकाएकी तोडला, की दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट निर्माण होतात. फॅरडेने १८३१ मध्ये शोधलेले प्रवर्तन ते हेच. ठिणग्यांनी प्लगची टोके झिजतात, फट रुंदावते आणि एके दिवशी ठिणगी पडेनाशी होते.

प्लग बदलताना जाणत्या माणसाला सोबत घ्या. हँडब्रेक ओढा, किल्ली काढा, इंजिन पूर्ण गार होऊ द्या. या गाडीचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते. प्लगभोवतीची धूळ आधी झाडा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. तारेला न ओढता तिची टोपी धरून काढा. एका वेळी एकच प्लग काढा, म्हणजे तारांची अदलाबदल होणार नाही.

काढलेला प्लग निरखून पाहा. फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. तेलकट ओल म्हणजे इंजिनचे तेल आत शिरते आहे. पांढराफटक प्लग फार तापलेला असतो.

नव्या प्लगची फट फीलर गेजने मोजून गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याशी जुळवा. प्लग प्रथम बोटांनीच फिरवा. अडला तर उलटा फिरवून पुन्हा लावा. प्लग पोलादी, पण इंजिनचे डोके अल्युमिनिअमचे. जबरदस्ती केली तर मऊ धातूचे आटे जातात आणि स्वस्त प्लगापायी महागडे डोके दुरुस्त करावे लागते. वॉशर टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा पुरे. पान्याचा दांडा लांब असेल तर हात आणखी हलका ठेवा, कारण परिबल म्हणजे बल गुणिले अंतर.

आता एक गणित. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना प्रत्येक प्लगवर एक ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर एका प्लगवर सेकंदाला किती ठिणग्या पडतील? उत्तर २५ आले पाहिजे. मग तासाभराच्या प्रवासाचा हिशोब करा. प्लग का झिजतो, ते आकडाच सांगेल.