डिचोली-पेडण्यात बसायचे कुठे आणि खर्च किती?

गोव्यात बार शोधावा लागत नाही, चांगला बार मात्र शोधावा लागतो. माप पुरे, दर उघड, पदार्थ ताजा आणि बिलात लपवाछपवी नाही, अशी जागा मिळाली तर चारशे-पाचशे रुपयांतही संध्याकाळ छान जाते. नाही मिळाली तर दोन हजार मोजूनही मन खट्टू होते. हे मार्गदर्शन किनाऱ्याच्या झगमगाटापासून थोडे आत, डिचोली आणि पेडणे या दोन तालुक्यांसाठी आहे. इथे अजून गावच्या गिऱ्हाइकावर चालणारे बार आहेत. दोन्ही तालुक्यांत मराठी बोलता-वाचता येणाऱ्याला काहीच अडत नाही, त्यामुळे मोकळेपणाने विचारा. निम्मी बचत विचारण्यातच होते.

रोजचे गिऱ्हाईक हीच खूण

डिचोली हा खाणीचा तालुका. शिरगाव, मये, पिळगाव, साखळी या पट्ट्यातून लोहखनिजाचे ट्रक जेटीकडे धावत आणि तिथून बार्ज मांडवीतून मुरगाव बंदराकडे निघत. ट्रकचालक, गॅरेजवाले, बार्जवरचे कामगार यांच्यावर इथल्या खाणावळी, चहाचे गाडे आणि बार उभे राहिले. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. मधे थोडे काम सुरू झाले, तेही मार्च २०१८ मध्ये थांबले. २०२२ च्या लिलावानंतर डिचोलीची खाण २०२४ मध्ये पुन्हा चालू झाली. इतक्या वर्षांच्या मंदीत ज्यांनी दुकान उघडे ठेवले, ते ओळखीच्या माणसांच्या भरवशावर. उद्या पुन्हा येणाऱ्या माणसाला कमी माप देऊन चालत नाही. म्हणून पहिला नियम हा की, गावचे लोक जिथे शांतपणे बसलेले दिसतील तिथे बसा.

झेक प्रजासत्ताकातले ओस्ट्राव्हा हेही असेच खाणींवर उभे राहिलेले, कोळशाचे आणि पोलादाचे शहर. शहरातली शेवटची कोळसा खाण १९९४ मध्ये बंद झाली आणि आज तिथला स्टोडोल्नी रस्ता बारसाठी ओळखला जातो. झेक बारची एक पद्धत आपण उचलण्यासारखी आहे. तिथे टेबलावर कागदाची चिठ्ठी ठेवतात आणि प्रत्येक बिअरमागे तिच्यावर एक रेघ ओढतात. शेवटी रेघा मोजल्या की हिशेब झाला. आपल्याकडे चिठ्ठी ठेवत नसतील तर मोबाइलमध्ये आपणच नोंद ठेवावी. तिसऱ्या ग्लासानंतर आठवणीवर विसंबू नये.

जागा कुठे बघावी?

डिचोलीत बाजार आणि बसस्थानकाच्या आसपास बघायला सुरुवात करा. बुधवारी आठवड्याचा बाजार भरतो, त्या दिवशी दुपारपर्यंत गर्दी असते, पण पदार्थही ताजे असतात. साखळीतही बाजारालगतच्या जागा बघाव्यात. गावातल्या तावेर्नमध्ये दोन-चार बाकडी, काचेचे कपाट आणि फळ्यावर लिहिलेले दर एवढाच थाट असतो. अशा ठिकाणी दुपारी विश्रांतीसाठी दार बंद होते, म्हणून जेवणाआधी किंवा सूर्यास्तानंतर जावे.

पेडण्याचे दोन भाग धरावे लागतात. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल, केरी हा किनारा पर्यटकांचा. पेडणे शहर, कोरगाव, पार्से, तुये, धारगळ, तोरसे हा आतला भाग गावकऱ्यांचा. २०२३ च्या जानेवारीत मोपचा विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून महामार्गालगत नव्या जागा उघडत आहेत. त्यांचे दर किनाऱ्याचे आहेत की गावचे, हे दरपत्रक पाहिल्याशिवाय ठरवू नका.

हुर्राक आणि फेणी: घेण्याआधी समजून घ्या

दोन्ही तालुक्यांत काजूच्या बागा आहेत. काजूच्या बोंडूंचा रस आंबवून भाणात एकदा उकळला की हुर्राक मिळते. तिची तीव्रता साधारण १५ टक्के. पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी होते, ती सुमारे ४३ टक्के. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये राज्य सरकारने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला.

हुर्राक टिकत नाही, ती हंगामाचीच. फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत प्यावी आणि पावसाळ्यात कुणी ‘ताजी हुर्राक’ म्हणाला तर नमस्कार करून उठावे. लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि लिम्का ही तिची नेहमीची जोड. दारू न घेणाऱ्याने हंगामात सकाळी ताजा नीरो मागावा. काजूचा हा न आंबलेला रस गोड आणि थंड असतो, पण त्याच दिवशी संपवावा लागतो.

फेणी करायला जास्त रस, जास्त सरपण आणि जास्त वेळ लागतो. त्यामुळे ती हुर्राकीपेक्षा महाग असलीच पाहिजे. दोन्हींचा दर सारखा असेल किंवा फेणी फारच स्वस्त असेल, तर भेसळीची शंका घ्या. लेबल नसलेली बाटली फक्त खात्रीच्या, परवानाधारक ठिकाणीच घ्यावी.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवा. ६० मिलिलिटर फेणीत सुमारे २६ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. ६५० मिलिलिटरच्या साध्या, ५ टक्क्यांच्या बिअरमध्ये तो साडेबत्तीस असतो, तर ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरमध्ये ५२. म्हणजे एक स्ट्राँग बाटली संपवून ‘नुसती बिअर घेतली’ म्हणणाऱ्याच्या पोटात फेणीचे दोन पेग गेलेले असतात.

किती पैसे धरावेत?

अबकारी कर आणि हंगाम यांप्रमाणे दर हलतात. बेत आखताना पुढील आकडे अंदाज म्हणून धरावेत.

गाव किंवा शहरातला साधा बार:
- बिअर, ६५० मिलिलिटर: १३० ते २०० रुपये
- स्थानिक फेणी, ६० मिलिलिटर: ४० ते ८० रुपये
- व्हिस्की-रमचा मोठा पेग: ८० ते १५० रुपये
- बांगडा रवा फ्राय: १०० ते १८० रुपये
- ऑम्लेट-पाव: ६० ते ९० रुपये
- मासळीची थाळी: १५० ते २५० रुपये

किनाऱ्यावरचा शॅक किंवा सजवलेला बार:
- तीच बिअर: २०० ते ३५० रुपये
- फेणीचे कॉकटेल: ३०० ते ५०० रुपये
- माशाची एक प्लेट: ३५० रुपयांपासून पुढे

दोघांची संध्याकाळ मांडून बघू. डिचोलीत दोन बिअर ३४०, दोन फेणी १२०, दोन लिम्का ८०, दोन बांगडे ३०० आणि एक ऑम्लेट-पाव ८०, एकूण ९२० रुपये. हरमलच्या किनाऱ्यावर याच पाच गोष्टींना दोन हजारांच्या पुढे जायची तयारी ठेवावी. त्या जादा पैशांत समुद्राचा वारा आणि मावळता सूर्य मिळतो. तो हवा असेल तर आनंदाने द्या, पण तिथे एक ग्लास घेऊन जेवायला आतल्या गावात या. पैसेही वाचतील आणि कढीला घरची चवही असेल.

माशाचा दर बोलून घ्यावा. इसवण, चणक, मोठी सुंगटे यांच्यापुढे दरपत्रकात आकडा नसतो, त्या दिवशीचा भाव लागतो. मासा दाखवा म्हणावे, वजन विचारावे, मग होकार द्यावा. १ जून ते ३१ जुलै यंत्रांच्या होड्यांना मासेमारी बंदी असते, तेव्हा ताजा मासा महागतो. श्रावणात आणि चतुर्थीच्या दिवसांत इथल्या पुष्कळ घरांत मासळी वर्ज्य असते, त्याचा परिणाम बारच्या स्वयंपाकघरावरही दिसतो. त्या दिवसांत भजी, चणे, शेंगदाणे यांवर समाधान मानावे.

बिल वाचायला शिका

मद्यावर जीएसटी लागत नाही. खाण्यावर साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के लागतो. वरच्या उदाहरणात खाणे आणि लिम्का मिळून ४६० रुपये, त्यावर २३ रुपये कर. पूर्ण ९२० वर जीएसटी लावला असेल तर तो चुकीचा आहे. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर हा कर घेताच येत नाही.

सेवा शुल्क ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ते बिलात आपोआप लावले असेल तर काढायला सांगा. वेटरने चांगली सेवा दिली असेल तर बक्षिसी त्याच्या हातात द्या, ती नक्की त्याच्यापर्यंत पोचते.

पाण्याच्या बाटलीवरून वाद होतात. बसून सेवा घेतलेल्या हॉटेलात छापील किमतीपेक्षा जास्त आकारणी करता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. म्हणून साधे पाणी मागावे. दुकानातून बंद बाटली नेताना मात्र छापील किंमतच द्यावी. पेग आपल्यासमोर मापाने ओतायला सांगण्यात संकोच नको. बिलावरून फसवणूक झाली आणि बोलून मिटले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

परतीचा खर्च सर्वांत मोठा

संध्याकाळच्या बेतात परतीचे भाडे पहिल्या ओळीत लिहा. पणजी आणि म्हापसा येथून डिचोलीला कदंबच्या आणि खासगी बसगाड्या आहेत, म्हापशाहून पेडण्यालाही आहेत. तिकिटाला चहा-भजीएवढे पैसे पडतात, पण रात्री बस मिळत नाही. शेवटची गाडी किती वाजता, हे उतरतानाच वाहकाला विचारावे. टॅक्सीचे भाडे बसायच्या आधी ठरवावे. पंधरा-वीस किलोमीटरला आठशे ते बाराशे रुपये धरून चाला. दोघे-तिघे असाल तर गावातच खोली घेणे याच पैशांत बसू शकते.

भाड्याची स्कूटर घेऊन पिऊ नका. रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून जास्त मद्यार्क आढळला, तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. ही रक्कम डिचोलीतल्या दहा संध्याकाळींची आहे. आणि अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या कुणाच्या जिवाचे मोल तर कुठल्याच बिलात मांडता येत नाही.

गोव्यात २१ वर्षांखालील व्यक्तीला मद्य देता येत नाही, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवा. रस्त्यावर, किनाऱ्यावर किंवा धबधब्यापाशी बाटली उघडू नका. त्याला दंड आहे, शिवाय फुटलेली काच पुढच्या माणसाच्या पायात जाते. मतदान संपण्याआधीचे ४८ तास बार बंद असतात.

पत्रादेवी किंवा दोडामार्गमार्गे महाराष्ट्रात परतणाऱ्यांनी बाटली गाडीत टाकण्याचा मोह आवरावा. गोव्यात विक्रीसाठी असलेले मद्य परवान्याशिवाय हद्दीपार नेणे गुन्हा आहे, त्यात गाडीही जप्त होते. स्वस्त पडलेली बाटली अशी लाखाला पडू शकते.

बसण्याआधी पाच प्रश्न

1. पात्रांव (म्हणजे मालक), साठ मिलिलिटर फेणी कितले?
2. फेणी कुठल्या गावची, परवान्याच्या भट्टीची आहे ना?
3. आज मासा कोणता, दर काय?
4. बिल छापील मिळेल ना?
5. परतीची बस किंवा टॅक्सी किती वाजेपर्यंत?

पाचही उत्तरे न अडखळता मिळाली तर खुर्ची ओढून निवांत बसा. पहिल्याच प्रश्नाला ‘बसा तर खरे, मग बघू’ असे उत्तर आले, तर पुढच्या दारात जा. मंदीची वर्षे काढूनही ज्याने माप कमी केले नाही, तो मालक दर सांगताना कचरत नाही. आपले पैसे अशाच माणसाच्या गल्ल्यात पडावेत.