मनी कोठीमागून येईना

शंका : आमची मनी बारा वर्षांची, आईच्या जिवाची. तोंडाला वास यायचा, खाता खाता मान झटकून पळायची. अकोल्याला नेऊन दाखवलं, तर भूल देऊन सहा दात काढावे लागले. घरी आणल्यापासून ती ज्वारीच्या कोठीमागे जाऊन बसली आहे. आज तिसरा दिवस. मुळातच भित्री, एसटीचा हॉर्न वाजला तरी पलंगाखाली जाणारी. औषध पाजायला ओढून काढतो, तर आता माझ्या चपलांचा आवाज आला तरी आणखी आत सरकते. दूध तेवढं चाटते. ओरडत नाही, म्हणजे दुखत नसावं. आई म्हणते, हळद-तूप लावू आणि अर्धी तापाची गोळी देऊ. द्यावी का?
— एक वाचक, इंझोरी (ता. मानोरा, जि. वाशिम)

समाधान : गोळीचं उत्तर तुम्हाला त्याच दिवशी फोनवर दिलं होतं, पण इतरांसाठी पुन्हा लिहितो. तापाची गोळी म्हणजे पॅरासिटामॉल. ती मांजराला अर्धी नको, पाव नको, चाटवायलाही नको. माणसाचं यकृत हे औषध ज्या वाटेने निकामी करून बाहेर टाकतं, ती वाट मांजरात जवळजवळ नाहीच. मग रक्तातला लाल रंग ऑक्सिजन वाहून नेईनासा होतो, हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. कुणी दिली असेलच, तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठा.

गावाकडे दुसरा धोका गोठ्यातला असतो. डायक्लोफेनॅक या गुरांच्या दुखण्यावरच्या औषधामुळे गिधाडं मेली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली आणि त्याच्या जागी मेलॉक्सिकॅम घरोघरच्या गोठ्यात पोचलं. मांजरालाही हेच औषध देतात, म्हणून एखादा जाणता माणूस म्हणतो, ‘त्याच बाटलीतले दोन थेंब टाका.’ हिशोब करून बघा. गाईम्हशींच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम असतं. साडेतीन किलोच्या मांजराला दिवसाचा डोस ०.२ मिलिग्रॅमच्याही आत, म्हणजे त्या बाटलीतला एक थेंबसुद्धा जास्त. म्हातारपणी मूत्रपिंड आधीच थकलेलं असतं, त्यात हे दोन थेंब. तेव्हा डॉक्टरांनी मांजरासाठी लिहून दिलेलं औषध, त्यांनी सांगितलेले दिवसच द्या.

हळद-तूप लावायला तोंड उघडावं लागतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. आत हिरडी ओढून बारीक टाके घातलेले आहेत. ते आपोआप विरघळतात, काढावे लागत नाहीत, पण जबडा फाकवला की उसवू शकतात. दाढदुखीवर आपण लवंगेचं तेल लावतो, तेही मांजराला चालत नाही. पहिल्या दिवशी लाळेत गुलाबी छटा दिसली तर घाबरू नका. ताजं लाल रक्त ठिबकत राहिलं, किंवा चौथ्या-पाचव्या दिवशी गाल सुजून पुन्हा घाण वास सुटला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

आता ‘ओरडत नाही’ याविषयी. नवीन नवीन प्रॅक्टिस करत होतो तेव्हा मीही हेच धरून चालायचो. पिंजऱ्यात कोपरा धरून बसलेल्या मांजराच्या कार्डावर ‘शांत’ असं लिहून मोकळा व्हायचो. ती शांत नसायची, दुखणं गिळून बसलेली असायची. मांजर शिकारी खरं, पण आकाराने इतकं लहान की त्याचीही शिकार होते. दुखतंय हे जगाला दाखवणं त्याला परवडत नाही. म्हणून आवाजाकडे नाही, चेहऱ्याकडे बघा. माँट्रिअल विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये यासाठी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. कान बाहेरच्या बाजूला वळलेले, डोळे किलकिले, थुतरी ताणलेली, मिशा सरळ आणि ताठ, डोकं खांद्यांच्या खाली. कोठीमागे अंधार असेल तर बॅटरी डोळ्यांवर मारू नका. भिंतीवर मारा आणि त्या उजेडात बघा. यातल्या तीन-चार खुणा एकत्र दिसल्या तर दुखणं आहे, औषध कमी पडतंय. तसं डॉक्टरांना कळवा.

भीती आणि दुखणं वेगळं ओळखायची एक सोपी युक्ती आहे. भीती माणसांना बघून असते. घर झोपलं की ओसरते. दुखणं रात्रीही तिथेच असतं. रात्री कोठीपासून ताटलीपर्यंत ज्वारीचं पीठ अगदी पातळ भुरभुरवून ठेवा, ताटलीत किती वाढलं ते वजन करून ठेवा. सकाळी पिठावर पंजे उमटले असतील आणि ताटली हलकी झाली असेल, तर मनी तुम्हाला घाबरते आहे, एवढंच. पीठ कोरं राहिलं तर गोष्ट वेगळी.

कारण दूध चाटणं म्हणजे जेवण नव्हे. मोठ्या मांजरांना दूध नीट पचतही नाही, जुलाब होतात आणि असलेलं पाणीही जातं. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृताकडे धाव घेते, आणि ती जिरवणं त्या यकृताच्या आवाक्याबाहेरचं असतं. लठ्ठ मांजरात हे दोन-तीन दिवसांत सुरू होऊ शकतं. म्हणून पूर्ण चोवीस तास काही खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन. अकोला लांब पडत असेल तर जवळच्या गुरांच्या दवाखान्यात ताप बघून सलाईन देता येतं. मांजर बघून ते ‘हे काय आणलं’ म्हणतील, म्हणू द्या.

साडेतीन किलोच्या मनीला पडून राहायलाही दिवसाला १८० कॅलरीच्या आसपास लागतात, म्हणजे हाडं काढलेलं शंभर-सव्वाशे ग्रॅम शिजवलेलं चिकन. ते अळणी शिजवा. कांदा-लसूण अजिबात नको, त्याने मांजराच्या रक्तपेशी फुटतात. शिजवलेल्या पाण्यातच पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटून पातळसर करा. आणि कोमट द्या, मनगटावर लागेल न लागेल इतकं. म्हाताऱ्या मांजराची भूक नाकातून जागी होते. फ्रिजमधल्या थंड ताटलीला वासच नसतो. दिवसातून पाच-सहा वेळा, दर वेळी दोन-तीन चमचे. न खाल्लेलं अर्ध्या तासात उचला. जबरदस्तीने तोंडात कोंबू नका. ठसका लागतो आणि त्या अन्नाचीच शिसारी बसते.

कोठीमागची जागा बुजवू नका, ती तिनेच निवडलेली खोली आहे. तिथेच एक खोका आडवा टाका, आत आईंचं न धुतलेलं जुनं लुगडं. पाणी एका बाजूला, मातीची पाटी दुसऱ्या बाजूला. पाटी पसरट आणि बुटक्या कडेची हवी; बारा वर्षांचे गुडघे घमेल्याच्या काठावरून उडी मारायला कुरकुरतात. त्या खोलीत आठवडाभर फिनाईलचा पोछा मारू नका. मांजराच्या पायाला लागतं, ती पाय चाटते, आणि फिनाईल तिच्या शरीराला झेपत नाही.

आणि औषध. तुमची बदनामी झालीच आहे, तर खलनायकाचं काम तुमच्याकडेच राहू द्या. आईंनी फक्त जेवण वाढावं. दोघांची जागा आणि वेळ वेगळी ठेवा. ओढून काढायचं बंद. डॉक्टरांना विचारून गोळीऐवजी पातळ औषध मिळतं का बघा. ते सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या फटीतून, दात न काढलेल्या बाजूने, थोडं थोडं सोडा. मांजर टॉवेलात गुंडाळायचं, मागून धरायचं, अर्ध्या मिनिटात सोडून द्यायचं. गोळीच असेल, विशेषतः डॉक्सिसायक्लिन किंवा क्लिंडामायसिन, तर पाठोपाठ चमचाभर पाणी पाजाच. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते.

तपासणीला पुन्हा न्यायचं असेल तेव्हा गॅबापेन्टिनबद्दल विचारा. निघण्याआधी दोन-तीन तास दिलं तर भित्रं मांजर प्रवास सोसतं. त्या दिवशी पाय लटपटतात, म्हणून माळ्यावर चढू देऊ नका. पिंजरा चार दिवस आधीच कोठीजवळ उघडा ठेवा, आणि एसटीत मांडीवर घेतल्यावर वरून गोधडी टाका. उन्हाळ्यात सकाळची पहिली गाडी पकडा.

शंका : दात काढून आणलेल्या मांजरीला घरातलीच दुसरी मांजर, तिची सख्खी बहीण, फिस्कारते, मारायला धावते. आठ वर्षं एका ताटलीत खाल्लं दोघींनी!
— नागपूर

समाधान : बहीण दिसते आहे, पण वास दवाखान्याचा येतो आहे, मांजराच्या लेखी वास हीच ओळख. दोघींना वेगळ्या खोल्यांत ठेवा. एकीच्या गालावर फिरवलेलं फडकं दुसरीच्या ताटलीखाली ठेवा, आणि उलटही. दोन-तीन दिवसांनी बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण द्या, मग फटीतून बघू द्या. ‘भांडून मिटवतील’ म्हणून एकत्र सोडू नका. जिचं तोंड शिवलंय तिला भांडता येत नाही.

शंका : बोका चौदा वर्षांचा. दात पुरते सडलेत, पण एवढ्या वयात भूल द्यायची भीती वाटते.
— कारंजा

समाधान : वय हा आजार नाही. आधी रक्त, लघवी, रक्तदाब आणि हृदय तपासून घ्या. मूत्रपिंड आणि थायरॉईड काय म्हणतात ते बघून भुलेचं ठरतं. जोखीम शून्य नसते, पण रोज पू गिळत जगणं हीसुद्धा जोखीमच आहे, फक्त त्याच्या कागदावर कुणी सही मागत नाही. वयस्क मांजरांत साधारण तिघांत एकाचा तरी दात शरीर स्वतःच विरघळवून टाकत असतं. कारण अजून सापडलेलं नाही. अशा दाताला स्पर्श झाला की पूर्ण भुलेतही जबडा थडथडतो. मी पाहिलं आहे. त्यावर ना मंजन चालतं, ना भरणं. काढावाच लागतो, आणि मूळ कुठवर शिल्लक आहे ते एक्स-रेशिवाय कळत नाही. म्हणून दातांचा एक्स-रे असलेला दवाखाना शोधा.

शंका : सगळेच दात काढले. आता जन्मभर दूध-पोळी कुस्करून द्यायची का?
— यवतमाळ

समाधान : उलट, दूध-पोळी आता तरी बंद करा. मांजराला तीस दात असतात, पण आपल्यासारखं चावून खाण्यासाठी त्यातला एकही नाही. ते तुकडा तोडतं आणि गिळतं. खरखरीत जीभ निम्मं काम करते. हिरड्या भरल्या, म्हणजे तीनेक आठवड्यांनी, बारीक तुकडे आरामात खाईल; काही मांजरं दातांशिवाय कोरडे दाणेही मटकावतात. टॉरिन नावाचा घटक मांजराला मांसातूनच मिळतो, पोळीत तो नाही. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा जातो, हृदय फुगतं. हृदयाचं हे नातं १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात सिद्ध झालं आणि जगभरच्या तयार खाद्यात टॉरिन वाढवलं गेलं. घरचं चिकन-अंडं देत असाल तर टॉरिनची पूड डॉक्टरांकडून लिहून घ्या. कलेजी आठवड्यातून चमचाभर, त्याहून जास्त नको.

आणि दर रविवारी वजन करा. पिशवीत घालून भाजीवाल्याच्या काट्याला लटकवू नका, भित्रं मांजर तिथून सुटलं की दोन दिवस सापडत नाही. बाथरूममधल्या काट्यावर आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग मांजराला घेऊन.